आरटीएक्स ३०६० वर लग्नाचं एडिटिंग: कार्ड चांगलं असूनही टाइमलाइन का अडकते?

लग्नसराईचा अख्खा हंगाम, जोतिबाची चैत्र यात्रा आणि मधली बारशी-वास्तुशांतीची कामं, हे सगळं या मशीनवर काढल्यावर लिहितोय. मशीन असं आहे: इंटेल कोअर आय ५ १२४००, ३२ जीबी रॅम आणि एनव्हिडिया आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं. एडिटिंग प्रीमियर प्रोमध्ये, कलरचं जड काम असलं की दाविंची रिझॉल्व्ह. कार्डाबद्दल माझं मत स्वच्छ आहे. २०२१ साली आलेलं हे कार्ड फोर-के लग्नाला आजही पुरतं. तरीही कोल्हापुरातल्या राजारामपुरीपासून इचलकरंजीपर्यंत आमच्या धंद्यातली बरीच मंडळी "कार्ड घातलं तरी अडकतंय" म्हणून वैतागलेली भेटतात. त्यातल्या पुष्कळ जणांच्या कार्डाला काहीही झालेलं नसतं.

एडिटिंगमध्ये ग्राफिक्स कार्ड तीन वेगळी कामं करतं आणि त्यांची गल्लत झाली की दुरुस्ती भलत्याच ठिकाणी सुरू होते. कलर, स्केलिंग, ट्रान्झिशन यांचा हिशोब कूडा कोअर, म्हणजे कार्डावरचे हिशोब करणारे छोटे भाग, करतात. कॅमेऱ्याची फाइल उलगडण्याचं काम कार्डावरचा वेगळा डिकोडर करतो, त्याला एनव्हीडेक म्हणतात. शेवटी एक्स्पोर्टची फाइल बांधतो तो एनव्हेंक. यातला एक भाग बसला तरी बाकीचे दोन ठणठणीत असू शकतात. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये कूडा निवडलेलं दिसतंय म्हणून फाइलही कार्डच उलगडतंय, असं अजिबात नाही.

माझ्याकडे हा प्रश्न जोतिबाच्या फुटेजवर उभा राहिला. त्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला ज्यानं कॅमेरा धरलाय त्याला माहीत आहे, गुलालासारखा अवघड रंग नाही. सासनकाठी (देवाची उंच सजवलेली काठी), माणसं, पायऱ्या, हवा, सगळं गुलाबी. साध्या ८ बिट ४:२:० फाइलमध्ये दोन बाय दोन अशा चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद असते. त्यामुळे गुलालानं माखलेल्या फेट्याची कड आभाळावर आली की दातेरी दिसते, आणि ८ बिटमध्ये रंगाच्या छटा कमी असल्यानं कलर थोडा ओढला की त्या गुलाबी रंगाचे पट्टे पडतात. म्हणून आम्ही १० बिट ४:२:२ वर शूट करायला लागलो. त्यात दोन पिक्सेलमागे रंगाची एक नोंद, म्हणजे रंगाची दुप्पट माहिती, आणि १० बिटमुळे छटाही जास्त. गुलाल सुरेख आला, हळदीचा पिवळाही सुधारला. पण टाइमलाइन (क्लिपा मांडून चालवायची पट्टी) दोन सेकंद चालायची आणि थांबायची.

ज्या दुकानातून मशीन जोडून घेतलं होतं तिथं विचारलं, तर उत्तर आलं, "कार्ड कमी पडतंय, मोठं टाका." हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्यात लोकांचे वीस-तीस हजार जातात, म्हणून याबद्दल मला खरंच तळमळीनं सांगायचंय. पैसे खर्च करण्याआधी टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर जा आणि एका आलेखाच्या नावावर क्लिक करून 'व्हिडिओ डिकोड' निवडा. मग सॉफ्टवेअरमध्ये अडकणारी क्लिप कोणताही इफेक्ट न लावता चालवा. माझ्याकडे त्या आलेखाची रेघ तळाला चिकटून होती आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांच्या आसपास धापा टाकत होता. तीच क्लिप ४:२:० मध्ये शूट केलेली घेतली की रेघ लगेच वर. कार्ड धडधाकट होतं, त्याला ही फाइल उलगडता येत नव्हती एवढंच.

कारण असं: ३० आणि ४० मालिकेतल्या आरटीएक्स कार्डांचा डिकोडर ४:२:२ उलगडत नाही. ३०६० काय नि ४०९० काय, या एका बाबतीत दोघंही सारखेच. एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) मधलं १० बिट ४:२:२ उलगडायची सोय इंटेलच्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्समध्ये आहे, डेस्कटॉपवर ११व्या पिढीपासून. त्याला क्विक सिंक म्हणतात. एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर वाढलेल्या जुन्या एडिटर मंडळींना हे नाव नवीन नाही. आमच्या १२४०० मध्ये ते होतंच, फक्त वेगळं कार्ड बसवलं की बरेच मदरबोर्ड ते आपोआप बंद ठेवतात.

मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, गेलो. 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' किंवा 'इंटरनल ग्राफिक्स' अशा नावाचा पर्याय असतो, तो चालू केला. विंडोजमध्ये इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकला. मॉनिटरची केबल कार्डालाच ठेवली, ती हलवायची गरज नाही. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडिया विभागात हार्डवेअर डिकोडिंगसमोर इंटेलवरही टिक केली. रिझॉल्व्हमध्ये हीच गोष्ट सिस्टिम प्रेफरन्सेसमधल्या डिकोड ऑप्शन्समध्ये मिळते. प्रोग्रॅम बंद करून परत सुरू केला आणि तीच सासनकाठीची क्लिप लावली. टास्क मॅनेजरमध्ये इंटेलच्या जीपीयूची डिकोडची रेघ चढली, प्रोसेसर निवांत झाला आणि क्लिप सलग शेवटपर्यंत गेली. त्या दिवसापासून आजपर्यंत एच.२६५ फुटेजवर मला प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी नक्कल, करावी लागलेली नाही.

प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर जपून. १२४००एफ मध्ये हे अंगचं ग्राफिक्स नसतंच. थोडा स्वस्त मिळतो म्हणून दुकानदार तोच पुढे करतात, गेमिंगला तो ठीकही आहे, पण आपल्या कामात नेमका हवा तो भाग त्यात गायब असतो.

कॅमेऱ्याकडेही बघायला हवं. आमच्या सोनी ए सेव्हन फोरवर एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४ आणि एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच.२६५. एच.२६४ मधलं १० बिट ४:२:२ माझं कार्डही उलगडत नाही आणि इंटेलही नाही. म्हणून आम्ही एचएस वर गेलो. त्यात पॅलमध्ये (आपल्याकडची २५/५० फ्रेमची पद्धत) फोर-के ला २५ फ्रेम मिळत नाहीत, ५० घ्याव्या लागतात. लग्नात ते पथ्यावरच पडलं. अक्षता उडतानाचा शॉट २५ च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगानं छान चालतो, आणि आपली वीज ५० हर्ट्झची असल्यानं शटर नीट ठेवलं की हॉलच्या ट्यूबलाइटचा फ्लिकरही छळत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. प्रीमियरमध्ये ज्या इफेक्टसमोर अ‍ॅक्सिलरेटेडची खूण नसते तो प्रोसेसरवरच चालतो, तिथं कार्डाकडून अपेक्षा ठेवू नका. एक्स्पोर्टला हार्डवेअर एन्कोडिंग हवं असेल तर व्हीबीआर (बिटरेटची सेटिंग) एक पासवर ठेवा, दोन पास निवडलं की काम सॉफ्टवेअरकडे जातं. पाहुण्यांच्या मोबाइलमधल्या क्लिपचा फ्रेम रेट कमी-जास्त होत असतो, त्या आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर काढून घेतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर स्टुडिओवाला घेतो आणि डिलिव्हरीच्या आठवड्यात कुठल्याच अपडेटला हात लावत नाही. कार्डाची १२ जीबी मेमरी रिझॉल्व्हमध्ये नॉइज रिडक्शन लावल्यावर खरी उपयोगी पडते. रात्रीच्या वरातीचं फुटेज साफ करताना ८ जीबीच्या कार्डवर मेमरी भरल्याचा संदेश मित्रांकडे पाहिलाय, माझ्याकडे अजून तरी आलेला नाही.

इचलकरंजीच्या एका मित्राचा हंगामात फोन आला होता, "भावा, लॅपटॉप पार बसलाय बघ, विकून टाकू काय?" त्याला आधी डिकोडची रेघ बघायला सांगितली. तिथं भानगड वेगळीच निघाली, एडिटिंगचा प्रोग्रॅम लॅपटॉपमधल्या वेगळ्या, मोठ्या कार्डावर चालतच नव्हता. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्समध्ये जाऊन त्या प्रोग्रॅमला 'हाय परफॉर्मन्स' दिलं आणि त्याचा हंगाम त्याच लॅपटॉपवर निघाला.

आता नवीन कार्ड घ्यायचं का? ५० मालिकेतली आरटीएक्स कार्डं ४:२:२ स्वतः उलगडतात, एच.२६५ बरोबर एच.२६४ सुद्धा. ज्यांच्याकडे एएमडीचा किंवा एफवाला प्रोसेसर असेल आणि रोज १० बिट ४:२:२ चं काम असेल, तर त्यांनी तिकडे जरूर बघावं. माझ्याकडे अडचण उरलीय ती फक्त दुसऱ्या कॅमेऱ्याची, तो १० बिट ४:२:२ फक्त एच.२६४ मध्येच देतो. त्याच्या फुटेजला रात्री प्रॉक्सी लावून जातो, सकाळी तयार असतात. तुळशीच्या लग्नानंतर परत सराई सुरू होईल, तेव्हा दोन्ही कॅमेरे एकाच दिवशी किती वेळा लागतात ते बघून कार्डाचं ठरवीन.