डिमित्साना: ठाण्यातील सहल संस्थेसोबतचा अनुभव

नौपाड्यातील एका सहल संस्थेच्या ग्रीस सहलीत डिमित्साना या आर्केडियातील डोंगरी गावाचा समावेश आहे आणि केवळ त्यासाठीही ही सहल निवडावी, असे माझे मत आहे. लुसिओस नदीच्या दरीवर वसलेल्या या दगडी गावात पाण्याच्या शक्तीवर चालणाऱ्या गिरण्यांत बंदुकीची दारू तयार होत असे आणि १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धात ग्रीक लढवय्यांना तिचा मोठा आधार मिळाला. त्याच वर्षी उस्मानी सत्तेने कॉन्स्टँटिनोपलमध्ये फाशी दिलेले धर्मगुरू पाचवे ग्रेगरी आणि उठावातील अग्रणी बिशप जर्मानोस हे दोघेही याच गावचे. ही माहिती मार्गदर्शकाने अतिशय आस्थेने सांगितली. मासुंदा तलावाकाठचे सेंट जॉन चर्च पाहत आलेल्या आम्हा ठाणेकरांना तिथली बैठी, चित्रांनी भरलेली ऑर्थोडॉक्स चर्चे फारच वेगळी वाटली. मात्र ९६३ साली स्थापन झालेल्या फिलोसोफू मठाचे कड्याला चिकटलेले अवशेष पाहण्यासाठी दिलेला वेळ अपुरा होता. तिथे अर्धा दिवस हवाच. राहण्याची व जेवणाची सोय चांगली आहे. दरीतील पायवाट चढउताराची असल्याने ज्येष्ठांनी नोंदणीपूर्वी तिची चौकशी करावी.