कॉस्च्युम आर्मरचा बेल्ट: आत बकरम की वेबिंग?

कॉस्च्युम आर्मर म्हणजे वेशभूषेसाठी बनवलेलं खोटं चिलखत. त्याच्या बेल्टला वरून कापड कुठलंही घ्या, बेल्टचा जीव असतो आत काय घालता त्यात. बकरम, म्हणजे शर्टच्या कॉलरमध्ये घालतात तसलं कडक कापड, स्वस्त, कापायला सोपं, पट्टा एकदम सपाट दिसतो, पण तो घालून दोनदा खाली बसलं की पोटाशी घडी पडते आणि ती घडी मग कितीही इस्त्री केली तरी पूर्ण जात नाही. फोटोपुरतं घालायचं असेल तर चालेल.

मी मात्र वेबिंगच सांगेन, म्हणजे बॅगेच्या पट्ट्याला असते ती नायलॉनची जाड विणलेली पट्टी. मांडीवरची फोमची प्लेट बेल्टलाच लटकते ना, तो सगळा ताण ही पट्टी घेते, वरचं कापड फक्त दिसायला. टोकं मेणबत्तीवर जरा वितळवून घ्या नाहीतर धागे सुटत जातात. मशीनची सुई 16 किंवा 18 नंबरची, टाका 4 मिमीचा, आणि बक्कलपाशी पट्टी दुमडून चौकोन शिवायचा, त्यात फुली मारायची, तिथे घाई अजिबात नको कारण बेल्ट उसवतो तो नेमका तिथेच. जाड थर आला की हाताने चाक फिरवत शिवा, सुई वाचते.