नोकरी सांभाळून लॅबची पदवी : अप्रेंटिसशिप की अर्धवेळ बीएस्सी?

इंग्लंडमधल्या एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) लॅबमध्ये सहायक म्हणून काम करता करता हेल्थकेअर सायन्सची पदवी मिळवायची, तर मुख्य वाटा दोन.

माझं मत आधीच सांगतो : जागा मिळत असेल तर डिग्री अप्रेंटिसशिपच (नोकरीचाच भाग म्हणून केलेली पदवी) घ्या. फी विद्यार्थ्याच्या खिशातून जात नाही. २०१७ पासून मोठे मालक पगारखर्चाच्या ०.५ टक्के लेव्ही (अप्रेंटिसशिपसाठीचा सरकारी कर) भरतात, त्यातून ती भागते. पगार चालू राहतो आणि अभ्यासाचे तास कामाच्या वेळेतच धरलेले असतात. मात्र लॅबमध्ये माणसं कमी पडली की सगळ्यात आधी गदा येते ती याच तासांवर. म्हणून ते ड्युटीच्या तक्त्यात आधीच नोंदवून घ्या. खरी अडचण वेगळीच : जागा तुमच्या विभागानेच द्यावी लागते.

अर्धवेळ बीएस्सीला विभागाच्या जागेची वाट पाहावी लागत नाही. पण फी तुमची, आणि पाच-सहा वर्षं रात्री आणि सुट्ट्या अभ्यासाला द्याव्या लागतात. घरात लहान मूल असेल तर हे फार जड जातं.

एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते. ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ हे पदनाम कायद्याने संरक्षित आहे. एचसीपीसी या आरोग्य व्यवसायांच्या नियामक संस्थेच्या नोंदणीशिवाय ते लावता येत नाही. आयबीएमएस या बायोमेडिकल सायंटिस्टांच्या व्यावसायिक संस्थेची मान्यता असलेली बीएस्सी केली, तरी नोंदणीसाठी मान्यताप्राप्त लॅबमध्ये प्रशिक्षणाचा पोर्टफोलिओ (शिकलेल्या कामाच्या पुराव्यांची फाइल) पूर्ण करावाच लागतो. तेव्हा अर्धवेळ प्रवेशाची फी भरण्याआधी आपल्या मॅनेजरला विचारा : पोर्टफोलिओ इथे करू द्याल का? उत्तर लेखी घ्या.