स्विफ्टला चार बार लावले: वजन किती वाढलं, पिकअप किती गेला

बार म्हणजे गाडीची बॉडी पिळू नये म्हणून दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्या-नळ्या. पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात, पिकअप वाढला का, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. बार लावून पिकअप वाढत नाही. कुठल्याच गाडीचा वाढत नाही. इंजिनाची ताकद तेवढीच आणि वरून लोखंड चढवलेलं, मग वाढेल कसा? आमच्या चिकलठाण्याच्या मिस्त्रीभाऊंनी बॉनेट उघडल्या उघडल्याच सांगितलं होतं, "दादा, ह्यानं गाडी पळत नसती, वळत असती." पावसाळा, हिवाळा आणि अर्धा उन्हाळा गाडी चालवून झाली, भाऊंच्या वाक्यात फारशी दुरुस्ती करावी लागत नाही.

गाडी २०१५ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, ११९७ सीसी, ८३ च्या आसपास अश्वशक्ती, रिकामं वजन साधारण ९६५ किलो. टायर १६५/८० आर १४, कंपनीच्याच मापाचे. रोज संभाजीनगर ते वाळूज, सुट्टीला अंबडला घरी आणि अधूनमधून कन्नडहून औट्रम घाट उतरून चाळीसगावला सासरवाडी.

बार चार: बॉनेटखाली दोन्ही शॉकअबच्या (शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या) टॉवरांना, म्हणजे शॉकअबचं वरचं टोक बसतं त्या बॉडीच्या उंचवट्यांना जोडणारा, डिकीतला मागचा, लोअर आर्मच्या (चाक खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बैठकीपाशी खालून जोडणारा आणि पोटाखालचा मधला चौकटीचा. पाकिटावरच्या वजनांवर माझा विश्वास नाही. ट्रकच्या वजनकाट्यावर गाडी नेऊनही उपयोग नसतो, तो पाच-दहा किलोंच्या टप्प्यानं दाखवतो. जालन्याच्या मोंढ्यात मावसभावाची आडत आहे, तिथं धान्याच्या काट्यावर एकेक बार ठेवला. वरचा ३.१, मागचा ३.४, खालचा २.२, मधला ५.३. नट-बोल्ट धरून एकूण १४ किलो. हमाल विचारत होते, कशाचं अवजार आहे म्हणून.

आता हे १४ किलो म्हणजे किती? ह्या गाडीची लोखंडी रिमची स्टेपनी जवळपास तेवढीच भरते. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास असतं, टाकी ४२ लिटरची, म्हणजे अर्ध्या टाकीपेक्षाही हे वजन कमीच. चालक आणि पेट्रोलसकट गाडी १०५० किलो धरली तर वाढ होते सव्वा टक्क्याच्या थोडी वर. ताकद तेवढीच असेल तर ठरावीक वेगाला पोचायचा वेळ ढोबळमानानं वजनाच्याच प्रमाणात वाढतो. म्हणजे शून्य ते शंभरला १३ सेकंद घेणारी गाडी फार तर १३.२ घेईल.

मोबाइलच्या जीपीएसवर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० चा वेळ मी बार लावण्याआधी आणि नंतर मोजला, त्याच रस्त्यावर, पहाटे. साडेआठ सेकंदांच्या आसपास येतो. बारांचा फरक सापडलाच नाही, कारण एकाच सकाळी लागोपाठ काढलेल्या आकड्यांतच त्याहून मोठा फरक पडतो. एसी लावला की मात्र काटा सरळ सरळ हलतो. शेजारी वडील बसले तर त्याहून जास्त. ज्यांना पिकअपची काळजी आहे त्यांनी डिकीतला पसारा काढावा आणि जड अलॉय टाकू नयेत. चाकाचं वजन नुसतं वाहून न्यायचं नसतं, ते फिरवायचंही असतं, त्यामुळे एक किलो तिथं जास्त महाग पडतो. ह्या बाबतीत लोकांचं उलटं चालतं: तीन किलोच्या बारावर वाद घालतील आणि सोळा इंची अलॉय हौसेनं बसवतील.

आता घाट. आपल्याकडचे रस्ते काळ्या मातीवर आहेत. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर लाटा घेतं. अंबड रस्त्याला एक चाक वर आणि दुसरं खाली असं सतत चालतं, म्हणजे बॉडीला पीळ बसतो. सैल विणीच्या बाजेवर एका कोपऱ्यात बसलं की दुसरा कोपरा उचलतो, तसं. शॉकअब आणि स्प्रिंगनं जे काम करायचं ते थोडं बॉडीचा पत्राच करू लागतो, आणि पत्रा दबतो तसाच उसळतो, त्याला शॉकअबसारखं शांत होता येत नाही.

वरचा बार लावल्यावर दोन्ही टॉवर एकमेकांपासून हलायचे कमी होतात, म्हणून वळणात चाकाचा कल ठरवला तसा राहतो. औट्रम घाटात हे पहिल्या वळणापासून कळलं. आधी गाडी दोन हप्त्यांत वळायची: आधी नाक, मग मागून बाकीची. आता एकदम वळते. वळणाच्या मधोमध डांबराचं ठिगळ आलं की स्टिअरिंग पुन्हा सावरावं लागायचं, ते बरंच कमी झालं. हात शांत राहिला की पाय ॲक्सिलरेटरवर लवकर जातो, आणि वळणातून बाहेर पडताना गाडी थोडी पुढे असते. वेग मिळाला असेल तर एवढाच, आणि तो इंजिनाचा नाही. टायरची पकड मात्र होती तेवढीच आहे. ओल्या घाटात बार आहे म्हणून जोर करणाऱ्याला तो बार वाचवणार नाही.

समृद्धी महामार्गावर काहीच कळत नाही. सरळ रस्ता, १२० ची मर्यादा, काय वळवणार? उलट पुलाच्या जोडांवरचा धक्का आता जरा कडक लागतो. आईला लगेच कळलं, "गाडी आदळायली पहिल्यापेक्षा." अॅव्हरेज होतं तेच आहे.

मागच्या बाराचा फायदा मला वरच्याच्या निम्मा वाटला आणि डिकीत ज्वारीचं पोतं आडवं बसत नाही, हा तोटा पुरा. खालचा २.२ किलोंचा बार दिसत नाही, वाजत नाही, राहू दे. एक सांगायचं राहिलं: टॉवरच्या बैठकीशी खिट्टीवर हलणारे सांधे असलेले स्वस्त बार मिळतात, ते घेऊ नका. सांधाच हलला तर पीळ अडवणार कोण? एकसंध घ्या, गाडी चारही चाकांवर सपाट उभी करून बसवा आणि नंतर अलाइनमेंट करा. त्याआधी शॉकअब आणि लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर तपासा. बुश गेलेल्या गाडीला बार लावणं म्हणजे पैसे वाया.

रॅलीतल्या रोल केजचं, म्हणजे गाडीच्या आत बसवायच्या पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्याचं विचारणाऱ्या पोरांसाठी: तो तीस-चाळीस किलोंचा असतो, तेव्हा पिकअप खरोखर जाणवण्याइतका जातो. शिवाय हेल्मेट न घालता रोजच्या गाडीत डोक्याजवळ पोलादी नळी म्हणजे जिवाशी खेळ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं. बोल्टनं लागणारे, सहज निघणारे बारही मी विमावाल्यांना कळवूनच लावले.

पोटाखालचा मधला बार मात्र काढून टाकला. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर, त्यातून ह्या चौकटीनं वीसेक खाल्ले. गावात शिरताना शाळेपुढचा स्पीडब्रेकर, बाजारतळापुढचा स्पीडब्रेकर, सरपंचाच्या घरापुढचा तर हमखास. चार माणसं बसली की प्रत्येकावर खर्रर्र. ५.३ किलो वजन, सगळ्यात महाग आणि वळणात त्याचा फरक मला तरी शोधूनही सापडला नाही. घासून एका बाजूचा रंग गेलाय, बाकी ठीक आहे. पुण्याचा एक मित्र अर्ध्या किमतीत घेतो म्हणतोय, त्याला आधी त्याच्या सोसायटीच्या गेटवरचा उंचवटा मोजायला सांगितलाय.