वस्तरा चकचकीत झाला, पण पाणी उतरलं

आमच्या आजोबांचा वस्तरा शेफील्डचा. जोसेफ रॉजर्सचा. पात्याच्या मागच्या दांडीवर चांदणी आणि क्रॉस असा ठसा, मूठ काळ्या शिंगाची. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या सलूनमध्ये आता अर्धं ब्लेड घालायचे वस्तरे चालतात, पण हा आजोबांच्या धोकटीत जपून ठेवला होता. ऑगस्ट 2019 च्या महापुरात दुकानात पाणी शिरलं, धोकटी चिखलात गेली आणि पात्यावर गंज चढला.

पुढे जुन्या वस्तू नीट करून देणारा सांगलीतलाच एक जण भेटला. "दादा, सगळं काम हाताने, मशीन लावतच नाही," असं म्हणाला, दुसऱ्या एका वस्तऱ्याचा व्हिडिओ दाखवला आणि 3500 रुपये आधी घेतले. वस्तरा परत आला तेव्हा आरशासारखा चमकत होता. घरात सगळे खूश.

माझे चुलते जन्मभर वस्तरा चालवलेले. त्यांनी तो उजेडात धरला आणि गप्प बसले. ठसा जवळजवळ पुसला होता, चांदणीचं एक टोक तेवढं दिसत होतं. पात्याच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे पॉलिशचं चाक पोचत नाही, तिथे नखाएवढा निळा-जांभळा डाग होता. पोलाद साधारण 300 अंशांपर्यंत तापलं की हा रंग येतो. वस्तऱ्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, साधारण 200 अंशांच्या पुढे गेलं की उतरायला लागतं, आणि धारेकडचं पातं इतकं पातळ असतं की फिरत्या चाकावर काही सेकंदांत तेवढं तापतं. बाकीचा रंग त्याने घासून काढला होता, कोपरा तेवढा राहिला. चुलत्यांनी दगडावर धार काढली, पट्ट्यावर परजली. पहिल्याच गालावर ती मुडपली. "पाणी गेलं रे बाळा ह्याचं," एवढंच बोलले.

पाठही, म्हणजे धारेच्या उलट बाजूची जाड कड, घासून पातळ केली होती. याने काय बिघडतं ते सांगतो. वस्तरा दगडावर आडवा ठेवतात तेव्हा पाठ आणि धार दोन्ही टेकतात. धारेचा कोन पाठीच्या जाडीवरच ठरतो. पाठ झिजवली की कोन बारीक होतो आणि धार टिकत नाही. चाक धरणाऱ्याला हे माहीत नसेल, असं मला वाटत नाही.

सगळ्यात चीड आली ती मुठीची. शिंगाची मूठ "सडली होती" म्हणून त्याने परत दिलीच नाही. बदल्यात पांढरी मूठ बसवली, "हस्तिदंत आहे" म्हणून आणखी 2000 मागितले. जवळून बघितलं तर त्यावर एकसारख्या सरळ समांतर रेघा होत्या. प्लॅस्टिकच. आणि खरंच हस्तिदंत असता तर? आपल्याकडे त्याचा व्यापार वन्यजीव कायद्याने बंद आहे. असं कुणी म्हणालं की तिथूनच उठा.

पैसे मागितले तर "जुन्या लोखंडाची गॅरंटी नसते" म्हणाला, मग फोन उचलायचा बंद झाला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी लागत नाही, त्यामुळे गरज पडली तर तिथेही जाणार. त्यासाठी वस्तरा देण्याआधी काढलेले फोटो कामाला येतील. तुम्हीही ठसा, पाठ आणि मूठ यांचे जवळून फोटो काढा, काम हाताने होणार हे मेसेजवर लिहून घ्या आणि जुनी मूठ, पिना परत हव्यात हे आधीच सांगा.

घरातच वस्तरा गंजला असेल तर आधी तेलात भिजवा, मग बारीक पाणकागदाने हळूहळू, पाठीकडून धारेकडे घासा, ठसा सोडून. पाठीजवळचे काळे खड्डे राहिले तरी चालतं. दाढी धारेने होते, आणि धारेत खड्डा नसेल तर तो वस्तरा अजून चालतो.