पुढून जड गाडी आणि ९०० रुपयांचा हवेचा गेज: ८ महिन्यांनंतर

दिवाळीनंतर डायलवाला गेज घेतला, बाजूला हवा सोडायचं बटण असलेला. सोलापूरचा उन्हाळा काढला त्याने, म्हणून आता लिहितोय.

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, फ्रंट व्हील ड्राइव्ह. इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढे, म्हणजे साठेक टक्के वजन पुढच्या दोन टायरवर, आणि ओढायचं त्यांनीच, वळायचं त्यांनीच, ब्रेकचा जास्त भारही त्यांच्यावरच. मागचे दोन घरजावयासारखे नुसते बरोबर येतात. अक्कलकोट रोडला ओळखीच्या गोडाऊनचं सिमेंटचं अंगण आहे, रविवारी मालकाला विचारून तिथे रस्त्यावर ठेवतात तसे शंकूसारखे कोन लावतो आणि त्यांच्यामधून गाडी जोरात वळवायचा सराव करतो. स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी आपली सरळच निघायची.

पहिला शहाणपणा म्हणजे पुढची हवा २८ पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणली, म्हटलं टायर जास्त टेकेल. उलटंच झालं. टायरच्या कडेला खडूच्या रेघा मारल्या होत्या त्या चार फेऱ्यांत साइडवॉलपर्यंत (टायरची उभी बाजू) पुसून गेल्या, म्हणजे टायर अक्षरशः कुशीवर झोपत होता. मग २-२ ने वाढवत गेलो. ३६ ला खडू कडेवरच्या छोट्या त्रिकोणापर्यंतच पुसला गेला आणि स्टिअरिंग पण जिवंत वाटायला लागलं.

खरी मजा मागे आहे. मागे ४० केल्यावर (टायरवर लिहिलेली कमाल मर्यादा बघूनच हां) मागची पकड थोडी कमी झाली आणि वळणात अॅक्सिलरेटर जरा सोडला की शेपूट हलकेच फिरून नाक आत येतं. लोभात ४३ केले तर गाडी गर्रकन फिरली, दोन कोन आडवे. परत ४०. पाऊस असेल तर हा उद्योग नकोच.

गेजचा खरा उपयोग गरम टायरला. पुढचे फेऱ्यांनंतर ३-४ पीएसआय चढतात, मागचे जेमतेम १, म्हणून प्रत्येक फेरीनंतर बटण दाबून पुढचे परत जागेवर आणायचे. नुसत्या हवामानानेच साधारण ६ अंशाला १ पीएसआय फरक पडतो. एप्रिलमध्ये सकाळी २४ अंशाला भरलेली हवा दुपारी ४२ ला ३ ने वाढलेली होती, गाडी जागची हलली पण नव्हती. उन्हाकडची बाजू तर अजून वेगळी.

तक्रारी आहेत. रबरी कव्हर मे महिन्यातच सुटलं, धुळीने बटण अडकतं, आणि एकदा सिमेंटवर पडल्यापासून काटा शून्याच्या जरा वर थांबतो. चालतं, कारण चारही टायर एकाच गेजने मोजले की आपापसातला फरक बरोबर येतो. आमच्या पंक्चरवाल्याच्या गेजमध्ये आणि ह्यात ४ चा फरक निघाला, त्याला सांगितलं तर म्हणे, "मालक, तुमचाच खराब असंल की."

घरी निघताना मात्र चारही टायर दरवाजाजवळच्या स्टिकरप्रमाणे करतो. एकदा कंटाळा करून तसाच निघालो तर होटगी रोडच्या खड्ड्यांनी मागे बसलेल्या आईची कंबर धरली, तेव्हापासून पंप डिकीतच असतो.