स्टीम की एपिक? देवगडातून बघताना

आमच्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की आधी लाईट जाते, मागोमाग नेट. 80 जीबीचा गेम उतरवायचा म्हणजे आठवड्याचं व्रत. स्टीम आणि एपिक ही अशा कॉम्प्युटर गेमची ऑनलाइन दुकानं.

एपिकचं दुकान डिसेंबर 2018 मध्ये उघडलं आणि त्यांनी थेट एक्सक्लुझिव्हचा, म्हणजे गेम फक्त आपल्याच दुकानात विकण्याचा, डाव टाकला. 'मेट्रो एक्सोडस' या गेमची स्टीमवर आगाऊ विक्री चालू होती. 2019 च्या सुरुवातीला तो वर्षभरासाठी एपिककडे गेला. मोहोर बघून बाग व्यापाऱ्याला द्यावी, तसंच हे. रक्कम आधी हातात, पण पेटी दुसऱ्या कुणाला विकायची नाही. गेम बनवणाऱ्याला परवडायचंही, कारण विक्रीतला स्टीमचा वाटा साधारण 30 टक्के, एपिकचा तेव्हा 12. चिडले ते गिऱ्हाईक.

गेम परत करून पैसे मागायचे नियम दोघांचे जवळपास सारखेच.

एपिकचा फुकटचा गेम मी गुरुवारी न चुकता घेतो. खेळतो किती, ते विचारू नका!

पैसे मात्र स्टीमवरच टाकतो. गणपतीला पुण्याहून आलेल्या भावाच्या लॅपटॉपवरचा गेम स्टीमने घरच्या राऊटरवरून माझ्या मशिनवर आणला, नेट जवळजवळ न खाता. राऊटर इन्व्हर्टरवर होता आणि आम्ही दोघं ओटीवर टक्के मोजत बसलो होतो.